घरच्या इंटरनेटवर आधी कुणाला सोडायचं? माझं मत : कुणालाच नाही

डिचोलीकर
गेल्या चवथीला आमच्या घरी चौदा माणसं होती आणि वायफायवर त्याहून जास्त मोबाईल. माटोळीचे फोटो, आरतीचे व्हिडिओ, सगळं रात्रीच्या रात्री आपोआप वर चढत होतं. त्याच वेळी बायकोची ऑफिसची मीटिंग. ती एखाद्या प्रश्नाला उत्तर द्यायची, तोवर पलीकडचे पुढच्या मुद्द्यावर गेलेले. प्लॅन १०० एमबीपीएसचा, पण अपलोड फक्त १०.

मग मी तेच केलं जे सगळे करतात. राउटरच्या ॲपमध्ये जाऊन तिच्या लॅपटॉपला सगळ्यांच्या वर बसवलं. आठवडाभर बरं चाललं. एका सोमवारी त्याच लॅपटॉपने ऑफिसच्या फायली वर चढवायला घेतल्या आणि तिचीच मीटिंग तिच्याच लॅपटॉपने मारली. मान यंत्राला दिला होता, त्यातून काय जातंय ते राउटर विचारतच नव्हता.

त्यानंतर थोडं वाचलं. दुखणं वेगाचं कमी आणि रांगेचं जास्त आहे. केबलवाल्याच्या डब्यात पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, साठवायला १ मेगाबाइट जागा असेल आणि अपलोड १० एमबीपीएस असेल, तर ती जागा भरल्यावर नवीन आलेल्या पॅकेटला ०.८ सेकंद थांबावं लागतं. आवाजाला सेकंदाला शंभरेक किलोबिट पुरतात, पण ते किलोबिट फोटोंच्या मागे उभे असतात. याला बफरब्लोट म्हणतात.

रायबंदरला चोडणच्या फेरीसाठी गाड्यांची रांग लागते ती आठवा. चालत येणारा आणि स्कूटरवाला बाजूने आत शिरतो. त्याच्याकडे मंत्र्याची चिठ्ठी नसते, त्याला जागाच थोडी लागते. राउटरमध्ये रांग लावायची एफक्यू-कोडेल नावाची पद्धत नेमकं हेच करते. प्रत्येक संभाषणाची वेगळी रांग, थोडं पाठवणारा लगेच निघतो, आणि एखादी रांग फार वेळ तुंबली की तिच्यातलं पॅकेट टाकून देऊन पाठवणाऱ्याला 'सावकाश' सांगितलं जातं. यातला कोडेलचा भाग कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ साली मांडला. त्याच्या पुढची पायरी, केक, २०१८ मध्ये लिनक्स ४.१९ मध्ये आली. (नाव बेबिंका, म्हणजे आमचा गोव्याचा थरांचा गोड पदार्थ, ठेवायला हवं होतं, पदर तितकेच आहेत.)

मी जुन्या राउटरवर ओपन-डब्ल्यूआरटी (राउटरची मोफत, खुली प्रणाली) घातलं, त्यातलं एसक्यूएम, म्हणजे ही रांग सांभाळायची सोय, चालू केलं, अपलोड ९ वर आणि डाउनलोड ९० वर बांधलं. थोडा वेग जाणूनबुजून सोडायचा, म्हणजे रांग केबलवाल्याच्या डब्यात न लागता माझ्या राउटरमध्ये लागते. रांग ज्याच्या दारात, नियम त्याचा. अपलोड चालू असताना पिंग (पॅकेट जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ) ८०० मिलिसेकंदांवरून ३५ वर आला. म्हणून म्हणतो, 'प्रायॉरिटी'ची ती यादी पुसून टाका.

म्हापशेंकर
एवढा खटाटोप कशाला? आमच्याकडे फायबरवर दोन्ही बाजूंनी २०० मिळतात. त्याच फोटोंना १० वर वीस मिनिटं लागत असतील तर २०० वर एक. रांग लागेपर्यंत काम संपलेलं असतं. महिन्याला दोनशे-तीनशे रुपये जास्त द्या आणि रविवारी मासळी आणायला जा. राउटरमध्ये डोकं घालून कुणाचा संसार सुधारला?

डिचोलीकर
मिळत असेल तर घ्याच, त्यावर वाद नाही. आमच्या वाड्यावर एकच केबलवाला आहे, तो २०० 'येतंय येतंय' म्हणून दुसरा पावसाळा काढतोय. आणि मोठी फाइल पाठवणारं टीसीपी (इंटरनेटवर डेटा पोचवायची नेहमीची पद्धत) जेवढा रस्ता मिळेल तेवढा भरून बघतंच. रस्ता रुंद झाला की रांग लवकर ओसरते, लागायची थांबत नाही.

फोंड्याची सून
दादा, तुमचा राग यंत्राला प्रायॉरिटी देण्यावर आहे, तो समजला. पण 'कुणालाच नाही' हे मला पटत नाही. तुमची बरोबरी संभाषणांची आहे, माणसांची नाही. माझा दीर टॉरेंट लावतो तेव्हा त्याची पन्नास कनेक्शनं असतात आणि सासऱ्यांच्या डॉक्टरांशी चाललेल्या व्हिडिओ कॉलचं एक. पन्नास जणांत एक वाटा हा कसला न्याय? स्कूटरवाल्याला बाजूने सोडा, पण स्कूटरी पन्नास आल्या तर?

आणि घरात सगळे सारखे नसतातच हो. जेवणाच्या पंगतीत आधी म्हाताऱ्यांना आणि पोरांना वाढतो ना? डॉक्टरचा कॉल आणि दिराचं टॉरेंट यांत मी पंक्तिभेद करणार, आणि बिनदिक्कत करणार.

डिचोलीकर
पन्नास कनेक्शनांचा मुद्दा एकदम बरोबर आहे, साध्या एफक्यू-कोडेलमध्ये तसंच होतं. केकमध्ये मात्र आधी घरातल्या यंत्रांत वाटे पडतात आणि मग त्या यंत्राच्या कनेक्शनांत. त्यासाठी राउटरला नॅटच्या (घरातल्या सगळ्या यंत्रांना बाहेर एकच पत्ता देणारी सोय) आतले पत्ते बघू द्यायला लागतात, ती खूण सेटिंगमध्ये वेगळी करावी लागते. केल्यावर दिराची पन्नास आणि सासऱ्यांचं एक, दोघांना निम्मं-निम्मं.

फोंड्याची सून
म्हणजे शेवटी यंत्रांकडे बघितलंतच! फक्त आता त्याला प्रायॉरिटी न म्हणता वाटणी म्हणायचं.
तरी टॉरेंटला मी सगळ्यात खालचीच जागा देणार. केकमध्येच 'मागे राहा' म्हणायची सोय आहे, ती फुकट कशाला घालवा? वर कुणाला चढवू नका हे मान्य. खाली ढकलायचं स्वातंत्र्य माझं.

खाजन
दोन गोष्टी. पहिली गमतीची : ट्राय या दूरसंचार नियामकाने २०१६ मध्ये मजकुरानुसार वेगवेगळे दर लावण्यावर बंदी घातली, २०१७ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीच्या (इंटरनेटवरच्या सगळ्या मजकुराला सारखी वागणूक) शिफारशी दिल्या, २०१८ मध्ये सरकारने त्या मानल्या. आता सूनबाई घरातच भेदभाव सुरू करतायत. (घाबरू नका, ते नियम सेवा देणाऱ्या कंपन्यांसाठी आहेत, सासरसाठी नाहीत.)

दुसरी खरी. आमच्याकडे खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात) मानस, म्हणजे पाणी सोडायचं-अडवायचं दार, असते ती बांधाच्या तोंडाशी, नदी आणि शेत यांच्या मध्ये. डिचोलीकर अपलोडला मानस बरोबर जागी घालतायत. पण डाउनलोडला? पाणी केबलवाल्याच्या अरुंद जागेतून आत आलेलं असतं आणि हे आपल्या शेतात उभं राहून त्याला अडवणार. आलेलं पॅकेट टाकून देणं म्हणजे घरी पोचलेलं पार्सल परत पाठवण्यासारखं.

डिचोलीकर
टाकलेल्या पॅकेटचं नुकसान होतं, हो. पण पाण्याला मागे निरोप जात नाही, टीसीपीला जातो. पॅकेट हरवलं की पाठवणारा हात आखडता घेतो, म्हणून मागची रांग वाढत नाही. अपलोडइतका चोख ताबा मिळत नाही हे खरं, त्यासाठीच डाउनलोडला दहा टक्के सोडले. कुणी पंधराही सोडतात.

जुना वायरमन
मी बारा वर्षं केबल ओढलीय, त्यामुळे दुसऱ्या बाजूचं ऐका. तुम्ही ९० बांधलंत. संध्याकाळी सातनंतर सगळा गाव टीव्हीला बसतो तेव्हा तुमच्या लायनीत ६० येतात. मग तुमचा ९० चा बंधारा कोरडा, रांग परत आमच्या डब्यात. पहाटे पाचला स्पीड टेस्ट करून आकडा लिहिला की असंच होणार. वेग बघून आकडा आपोआप हलवणाऱ्या स्क्रिप्ट आहेत, पण त्या लावणारा डिचोलीत मला अजून भेटायचाय.

आणखी एक. राउटरमध्ये घाईची कामं हार्डवेअर परस्पर उरकत असतं. एसक्यूएम चालू केलं की ते बंद करून प्रत्येक पॅकेट प्रोसेसरच्या हातून जातं. स्वस्तातला डबा तिथे दमतो. ३०० चा प्लॅन घेतलेला एक गृहस्थ मला रोज फोन करून शिव्या घालायचा, 'तुम्ही दीडशेच देताय'. जाऊन बघतो तर पुतण्याने हेच करून ठेवलेलं.

चिरेबंदी
इतके वेळ वाचतोय, एकानेही विचारलं नाही : डिचोलीकर, मीटिंग कुठल्या खोलीत चालते आणि राउटर कुठे आहे? आमचं जुनं घर. चिऱ्याची भिंत हातभर जाड. ओसरीवर ९०, आतल्या खोलीत ५ गिगाहर्ट्‌झचं वायफाय जवळपास गायब. तिथे रांग लागते ती वायफायच्या हवेत, तुमच्या बंधाऱ्याच्या अलीकडे. एका कोपऱ्यातला लंगडा मोबाईल सगळ्यांची वेळ खातो. वायफायला स्वतःचे चार दर्जे असतात, आवाज, व्हिडिओ, साधं आणि मागचं, पण कॉलच्या पॅकेटवर तशी खूण असेल तरच ते चालतात. केक लावा नाहीतर दोदोल, भिंत तीच राहणार.

डिचोलीकर
राउटर ओसरीवर, मीटिंग मागच्या खोलीत. मध्ये दोन भिंती. बोललो असतो तर तुम्ही आधीच पकडलं असतं म्हणून गप्प होतो.

आज तपासलं. केबल लावून, अपलोड चालू ठेवून पिंग : ३५. मागच्या खोलीतून वायफायवर : कधी ४०, कधी १५०. म्हणजे ८०० ची रांग एसक्यूएमने संपवली, आणि उरलेली उडी चिऱ्यांची. रात्री आठला परत बघितलं, डाउनलोड खरंच ६८ होतं. वायरमनदादा, आकडा ६० वर आणलाय. ९० बघायची सवय झाल्यामुळे जीवावर आलं, पण रात्री मुलग्याचा गेम अपडेट होत असताना बायको तासभर बोलली आणि एकदाही 'हॅलो, हॅलो' ऐकू आलं नाही.

म्हापशेंकर
म्हणजे १०० चे पैसे भरून ६० वापरायचे, वर केबल पण ओढायची. मी रविवारी मासळीच आणतो.

फोंड्याची सून
डिचोलीकर दादा, नॅटची ती खूण कुठल्या टॅबमध्ये आहे तेवढं सांगा. दीर बाहेर गेलाय तोवर करून टाकते.

डिचोलीकर
एसक्यूएममध्ये 'क्यू डिसिप्लिन'च्या टॅबवर, प्रगत आणि त्याखालचे 'डेंजरस' पर्याय उघडले की सगळ्यात खाली दोन रिकामे रकाने दिसतील, एक येणाऱ्यासाठी, एक जाणाऱ्यासाठी. त्यात काय लिहायचं ते व्यक्तिगत निरोपात कळवतो. वायरमनदादा, चिऱ्याच्या भिंतीला भोक पाडायला किती घेता? चवथीच्या आधी करायचंय.

जुना वायरमन
भिंत बघून सांगतो. भोक तिरपं पाडायला लागतं, नाहीतर पावसात केबलवरून पाणी आत येतं.