ट्रकला पीव्हीसी पाइप आणि उघडा कोन फिल्टर लावण्याआधी हे वाचा

सहाचाकी
काल इथे टर्बोशिट्टी यांनी लिहिलं की एअर क्लीनरचा (आत हवा गाळणारा कागदी फिल्टर असतो तो) डबा काढून फेका, नळकामाचा पीव्हीसी पाइप आणि एल्बो घ्या, टोकाला उघडा कोन (शंकूच्या आकाराचा) फिल्टर लावा; अर्ध्या दिवसाचं काम, पिकअप वाढतो, ॲव्हरेज वाढतं, आणि डबा म्हणे कंपनीने फक्त आवाज दाबायला दिलाय. खाली बावीस जणांनी "मस्त" लिहिलंय. असंच पाइप लावलेलं एक इंजिन मी स्वतः खोललंय, म्हणून गप्प बसवत नाही.

एक लिटर डिझेल जाळायला नुसत्या हिशेबाने दहा हजार लिटर हवा लागते. डिझेल इंजिन प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त ओढतं. भरल्या गाडीने दिवसभरात किती धूळ ओढली असेल, त्याचा अंदाज करा. ती अडवणं हे डब्याचं पहिलं काम. आवाज नंतर.

"डब्यामुळे इंजिन गुदमरतं" असं म्हणणाऱ्यांनी आधी मोजावं. खर्च जवळपास नाही. पारदर्शक नळी यू आकारात फळीवर बांधा, अर्धी रंगीत पाण्याने भरा, एक टोक फिल्टर आणि टर्बो यांच्यामधल्या पाइपवर, फिल्टर चोंदला की लाल पट्टी दाखवणाऱ्या इंडिकेटरचं भोक असतं तिथे जोडा. दोन्ही बाजू मीटरभर उंच ठेवा, नाहीतर पाणी टर्बोत (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्यात) जाईल. भरली गाडी चढावर पूर्ण ताकदीने चालवा आणि दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक वाचा. मोठ्या डिझेल इंजिनांना फिल्टर बदलायची मर्यादा साधारण ६३५ मिलिमीटर असते. स्वच्छ फिल्टरवर २५० आलं, तर सगळी अडवणूक हवेच्या दाबाच्या अडीच टक्के. तुमचा पाइप जादूचा असला तरी त्याहून जास्त परत देणार नाही.

आता उलटी बाजू. बाहेर ३५ अंश आणि कोन बॉनेटखाली ६५ अंशांची हवा ओढतोय, तर ती हवा नऊ टक्के विरळ. अडीच मिळवायला नऊ घालवायचे?

आणि पीव्हीसी. तो साधारण ६० अंशांपर्यंतच्या कामाचा माल आहे. टर्बोशेजारी नरम पडतो, ओढीने चेपतो, सांधे सैल होतात. मी खोललेल्या इंजिनात पाइप कापतानाचा चुरा टर्बोच्या पंख्यापर्यंत गेला होता. मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेणाऱ्या पंख्याचं त्यात काय होतं, ते मी हातात घेऊन बघितलंय.

टर्बोशिट्टी
आठ महिने झाले, माझा पाइप जागेवर आहे. एकदाही चेपला नाही. माझा मूळ डबा तडकला होता, झाकणाच्या क्लिपा तुटल्या होत्या, आणि नवा घ्यायची ऐपत नव्हती. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने कंपनीचा घ्यावा. मी हौसेने केलं नाही.

नऊ टक्क्यांचं गणितही अर्धवट सांगताय. माझ्या गाडीला इंटरकूलर आहे. टर्बो हवा तशीही तापवतो, पुढे इंटरकूलर ती थंड करतो. मग बॉनेटखालच्या तीस अंशांचा बाऊ कशाला? गाडी आधी तिसऱ्यावर चढायची तो चढ आता चौथ्यावर चढते. हे मी रोज बघतो.

जुना_मिस्त्री
इंटरकूलरचा मुद्दा बरोबर आहे, सहाचाकींनी तो सोडायला नको होता. टर्बो दुप्पट दाब करत असेल तर आत शिरलेले जादा तीस अंश बाहेर पडताना चाळीसच्या आसपास होतात. चांगला इंटरकूलर त्यातले तीस खातो, दहा उरतात. म्हणजे तोटा नऊ नाही, तीनेक टक्के. इंटरकूलर चिखलाने भरलेला असेल तर जास्त.

पण चौथ्यावर चढते त्याचं कारण पाइप नाही. तुमचा जुना फिल्टर किती महिन्यांचा होता, ते आधी सांगा. चोंदलेला काढून नवा कुठलाही लावला तरी गाडी मोकळी होते. आणि टर्बोची शिट्टी मोठी ऐकू आली की माणसाला ताकद वाढल्यासारखी वाटते. इतक्या वर्षांत हा फसलेला कान मी पन्नास जणांचा बघितलाय.

सहाचाकी
ठीक आहे, इंटरकूलरवाल्या गाडीला तीन टक्के. मानलं. तरी अडीचपेक्षा ते जास्तच.

दोन_गाड्या
ॲव्हरेजबद्दल कोणी बोलतच नाही. मला फक्त तेवढंच कळतं.

सहाचाकी
अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये चोंदलेल्या फिल्टरची चाचणी केली. आधुनिक फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत नवा फिल्टर टाकून ॲव्हरेज वाढलं नाही, वेग घेणं मात्र ६ ते ११ टक्क्यांनी सुधारलं.

टर्बोशिट्टी
त्या पेट्रोलच्या कार. आपण ट्रकबद्दल बोलतोय. चोवीस टन ओढून दाखवा, मग प्रयोगशाळा सांगा.

दोन_गाड्या
मग माझं उत्तर मीच देतो. फिल्टर दर आठवड्याला काढून कंप्रेसरची हवा मारायची. माझ्या दोन्ही गाड्यांना तोच नियम. एक फिल्टर वर्षभर जातो. याहून स्वस्त इनटेक (हवा आत घ्यायची सोय) कोणता?

खाणीवरचा
हे वाचून राहवलं नाही. तुम्ही फिल्टर स्वच्छ करत नाही, फाडताय! गॅरेजच्या कंप्रेसरचा दाब शंभर पीएसआयच्या (दाबाचं माप) वर असतो. ज्या कंपन्या हवा मारायला परवानगी देतात त्या ३० पीएसआय म्हणतात, तेही आतून बाहेर आणि नोझल लांब धरून. कित्येक तर मारूच नका म्हणतात. आतला दुसरा, सेफ्टी फिल्टर कधीच साफ करायचा नसतो, फक्त बदलायचा. फिल्टरच्या कागदाला केसाएवढी चीर गेली तरी डोळ्यांना दिसत नाही, धुळीला दिसते. खाणीवर आमच्या तीन डंपरांचं इंजिन एका हंगामात गेलं. तिन्ही ऑइल खायला लागले, ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर. ऑइलच्या तपासणीत सिलिकॉन, म्हणजे वाळू. कारण एकच, दर शनिवारी हवा मारणारा पोरगा.

दोन_गाड्या
माझ्या गाड्या अजून ऑइल खात नाहीत. पंधरा वर्षं हेच करतोय. तुमच्या खाणीची धूळ माझ्या डांबरी रस्त्याला लावू नका.

खाणीवरचा
डांबरी रस्ता असेल तर आठवड्याला साफ करायची गरजच काय? थोडी धूळ बसलेला कागद नव्या कागदापेक्षा जास्त बारीक गाळतो, कारण बसलेली धूळच पुढची अडवते. तुम्ही दर आठवड्याला तो थर उडवता आणि पुन्हा पहिल्यापासून बारीक धूळ आत सोडता. शिवाय डबा उघडला की झाकणावरची माती स्वच्छ बाजूला पडते. न उघडलेला डबा सगळ्यात चांगला.

रात्रीचा_ड्रायव्हर
मालकांनी आता एक ऐकावं. लाल पट्टी आली म्हणून मी फोन केला तर उत्तर काय? "झटक आणि चल." फिल्टर मागितला की पुढच्या महिन्यात. मग रस्त्याच्या कडेला टायरवर आपटून मीच झटकतो, आणि इंजिन बसलं की ड्रायव्हरने रेस मारून घालवलं. दोन वर्षांपूर्वी हेच झालं, माझ्या पगारातून कापले. कागद टायरवर आपटल्याने दुमडतो, त्याचं रबर सील वाकडं होतं, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. आता माहीत आहे, तरी नवा फिल्टर मिळत नाही.

दोन_गाड्या
सगळे मालक तसे नसतात. सगळे ड्रायव्हरही तुमच्यासारखे नसतात, माझ्या एकाने लाल पट्टीचा इंडिकेटरच काढून भोकात कापूस कोंबला होता. कटकट नको म्हणून.

रात्रीचा_ड्रायव्हर
फोन उचलला असता तर कापूस लागला नसता.

जुना_मिस्त्री
भांडण बाजूला ठेवा, दोघांनी एक करा. फिल्टर आणि टर्बो यांच्यामधला होज काढा, आत बोट फिरवा. बोट कोरडं आणि स्वच्छ निघालं तर सगळं ठीक. मऊ पिठासारखी धूळ लागली तर सांधा किंवा सील गळतंय. तिथे कोन लावा नाहीतर सोन्याचा डबा लावा, उपयोग नाही. माझ्याकडे "ताकद नाही" म्हणून येणाऱ्या ट्रकांत बहुतेक वेळा सापडतं ते हेच: चिरलेला होज, सैल क्लॅम्प, इंटरकूलरच्या पाइपला गळती. साबणाचं पाणी लावून शोधता येते. स्वस्तात इनटेक सुधारायचा तर इथून सुरुवात.

आणि टर्बोशिट्टी, तुमच्या गाडीत एअर मास सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) असेल तर सांगा. ७५ मिलिमीटरच्या जागी ९० चा पाइप घालून सेन्सर त्यात बसवला असेल, तर क्षेत्रफळ दीडपटीच्या जवळ जातं. सेन्सरजवळून हवा हळू जाते, ईसीयूला (इंजिनच्या संगणकाला) वाटतं हवा कमी आहे, तो डिझेल कमी सोडतो. मोकळा पाइप घालून गाडी मंद झालेली मी बघितली आहे. कोनला तेल जास्त लावलं की तेही सेन्सरच्या तारेवर जाऊन बसतं.

टर्बोशिट्टी
सेन्सर नाही, जुनी गाडी आहे. कोनला तेल लावतो, ते खरं. पण त्याने धूळ पकडली जाते ना?

खाणीवरचा
किती पकडली जाते ते विचारा. समजा कागद ९९.९ टक्के अडवतो आणि कोन ९८. ऐकायला दोनचा फरक. आत जाणारी धूळ मात्र ०.१ विरुद्ध २, म्हणजे वीसपट. फिल्टरच्या चाचणीचं मानक आहे, आयएसओ ५०११. कोनच्या डब्यावर त्या चाचणीचा आकडा छापलेला असेल तर इथे लिहा.

टर्बोशिट्टी
नाही छापलेला.

घाटउतार
मी तर पाइप बंपरमागे खाली नेला होता, थंड हवा मिळावी म्हणून. पावसात एका खोलगट जागी पाणी साचलं होतं, पाइपने ते ओढलं आणि इंजिन तिथेच अडकलं. पाणी दाबलं जात नाही, पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकला. थंड हवा हवीच, पण तोंड उंच ठेवा. एवढंच सांगायला आलो.

टर्बोशिट्टी
चार दिवस लागले, पण मोजलं. कोनवर १८० मिलिमीटर. शेजारच्याच्या गाडीचा धड डबा नव्या कागदासह उसना आणून लावला, तर ३००. फरक १२०, म्हणजे सव्वा टक्काही नाही. कोनपाशी थर्मामीटर बांधला होता, हवा बाहेरच्यापेक्षा २४ अंश गरम. होजमध्ये बोट फिरवलं. स्वच्छ नव्हतं.

तडकलेल्या डब्याला फायबर आणि रेझिन लावून बघतोय, क्लिपांऐवजी पट्टा. पीव्हीसी काढला, जुना रबर होज चिरलेला नाही तो परत घातला. पण डब्याचं तोंड केबिनच्या मागे उंच नेणार आहे, मूळ जागी नाही. तिथे इंजिनची गरमी येते.

सहाचाकी
उंच तोंड बरोबर आहे. जोड रबराचा ठेवा, केबिन हलते तेव्हा कडक पाइप तुटतो. रेझिन वाळल्यावर आतून घासून धुवा, तो चुरा टर्बोत नको.

दोन_गाड्या
मी काही हरलो नाही, माझी इंजिनं चालू आहेत. पण रात्री एका फिल्टरच्या आत बल्ब धरून बघितला. दोन ठिकाणी उजेड आला. दोन्ही गाड्यांच्या केबिनमध्ये आता एकेक नवा फिल्टर ठेवलाय. लाल पट्टी दिसल्याशिवाय डबा उघडायचा नाही, असं ड्रायव्हरांना सांगितलंय.

रात्रीचा_ड्रायव्हर
इंडिकेटर परत बसवलात का?