मदत हवी आहे: पावसात अडकलेल्या पोरांसाठी रंगकाम सुचवा

चार दिवस पाऊस उघडत नाहीये आणि घरात दोघांचा 'आई, कंटाळा आला'चा जप चालूय. चित्रं रंगवायचं पुस्तक दिलं, तर धाकटीने (वय ५) दहा मिनिटांत सगळी पानं एकाच जांभळ्या खडूने भरली. थोरला (वय ८) म्हणतो, हे बाळांचं काम.

काल पुठ्ठ्याला गेरू फासून दिला आणि तांदळाच्या पिठाच्या पाण्याने वारली माणसं काढायला लावली. दोन त्रिकोण, वर गोल डोकं. तासभर घर शांत! पण वाळल्यावर पीठ झडतंय. डिंक किती घालायचा? बांबूच्या काडीऐवजी काय चालेल? भेंडी-बटाट्याचे ठसे करून झालेत.

आणि हो, भिंतीवरचा तेलखडू कशाने निघतो?