पणत्यांच्या उजेडात कौटुंबिक छायाचित्र

प्रश्न: लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आजी, आई आणि पाच वर्षांची भाची यांचे एकत्र छायाचित्र फ्लॅश न वापरता घ्यायचे आहे. माझ्याकडे ५० मिमी, एफ/१.८ लेन्स आहे. चेहरे काळवंडू नयेत म्हणून काय करावे?

प्रतिसाद १: प्रथम ट्यूबलाइट बंद करा, कारण तिचा निळसर आणि पणतीचा नारिंगी उजेड एकाच चेहऱ्यावर पडला, की त्वचेचा रंग व्हाइट बॅलन्सनेही (कॅमेऱ्यातील रंगछटा जुळवण्याच्या सोयीनेही) सावरत नाही. अंतर दुप्पट झाल्यास एका पणतीचा उजेड चतुर्थांशच उरतो, म्हणून पणत्यांचे ताट आजींच्या पुढ्यात, परंतु भाचीच्या कपड्यांपासून सुरक्षित अंतरावर ठेवा. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ३२०० आणि शटर १/१०० सेकंदापासून सुरुवात करावी. छायाचित्रात थोडे कण दिसले तरी चालतील, हललेला चेहरा मात्र दुरुस्त करता येत नाही.

प्रतिसाद २: एफ/१.८ वर, म्हणजे लेन्सचे छिद्र इतके मोठे उघडल्यावर, फोकसची खोली (जेवढ्या अंतरातले स्पष्ट दिसते तो पट्टा) फार कमी असते, तेव्हा तिघींचे चेहरे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर असावेत.

प्रतिसाद ३: शक्य असल्यास सूर्यास्तानंतर लगेच उंबरठ्याशी बसवा. त्या थोड्या वेळात मागचे निळे आकाश आणि पणत्यांचा उजेड एकमेकांना झाकोळत नाहीत, आणि मला तरी घरातल्या अंधाऱ्या भिंतीपेक्षा ती पार्श्वभूमी कितीतरी बोलकी वाटते.

प्रश्नकर्ती: मनःपूर्वक आभार. आजींना खाली बसणे अवघड जाते, त्यामुळे ताट चौरंगावर ठेवून त्यांना खुर्ची देईन.