डॉकरनं डिस्क भरली, डेटाबेस न उडवता जागा कशी करायची?

उद्यमबागकर:
नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीचा सर्व्हर बघतोय. उबंटू, २४० जीबीची एसएसडी, डॉकर २०.१०. बिलिंगचं ॲप आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) दोन्ही कंटेनरमध्ये, म्हणजे डॉकर प्रत्येक प्रोग्राम ज्या वेगळ्या डब्यात चालवतं त्यात. आज सकाळी गेटपास छापायचे बंद. माल भरून गाडी गेटवर उभी, ड्रायव्हर कन्नडात बोंबलतोय, मालक मराठीत, आणि पोस्टग्रेस जागेअभावी बंद पडलेलं. /व्हार/लिब/डॉकर एकटंच १९० जीबी खाऊन बसलंय. यूट्यूबवर एकजण म्हणतोय, 'सिस्टिम प्रून'ला (डॉकरची साफसफाईची कमांड) 'व्हॉल्यूम्स' लावून चालवा, सगळं साफ. चालवू काय?

टिळकवाडी_टर्मिनल:
थांबा की हो! पोस्टग्रेस बंद आहे म्हणताय ना? प्रून आधी बंद पडलेले कंटेनर काढतं. कंटेनर गेला की त्याचा व्हॉल्यूम, म्हणजे डेटा ठेवायची जागा, बेवारस ठरतो, आणि तुम्ही 'व्हॉल्यूम्स' लावलात की तोही जातो. २३ व्हर्जनपासून नाव दिलेले व्हॉल्यूम त्यातून वाचतात, तुमच्या २०.१० मध्ये नाही. मग मालकाला काय सांगणार?
आधी 'डॉकर सिस्टिम डीएफ' (कशानं किती जागा खाल्ली ते दाखवतं) चालवून आकडे टाका इथं.

उद्यमबागकर:
इमेज (कंटेनरचे साचे) २४, बिल्ड कॅश (साचे बनवताना साठलेला माल) १७, व्हॉल्यूम ६, कंटेनर १ जीबीच्या आत. बेरीज ४८ सुद्धा होईना! बाकीचं गेलं कुठं?

खानापूरचा_पाहुणा:
लॉग. कंटेनर स्क्रीनवर जे ओकतो ते सगळं 'कंटेनर्स' फोल्डरात जेसन फाइलीत साठत जातं, मूळ सेटिंगमध्ये त्याला मर्यादाच नाही, आणि डीएफ ते मोजत नाही. त्या फोल्डरात 'डीयू' (फाइलींचा आकार सांगणारी कमांड) लावून बघा.
फाइल सापडली तर 'आरएम' (डिलीट) करू नका. डॉकरनं ती उघडून धरलेली असते, नाव जातं पण जागा सुटत नाही. 'ट्रंकेट'नं आकार शून्य करा. आणि 'ओव्हरले२'मध्ये (इमेज साठतात ते फोल्डर) तर हात घालूच नका, मी एकदा घातलाय. रात्रभर सगळ्या इमेज परत ओढत बसलो, त्यात खानापुरातलं नेट.

निपाणीकर:
विंडोजवाल्यांसाठी जाता जाता: डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजवर लिनक्स चालवायची सोय) आत कितीही साफ करा, बाहेरची व्हीएचडीएक्स फाइल (त्या लिनक्सची डिस्क) आपोआप आक्रसत नाही. डब्ल्यूएसएल बंद करून 'डिस्कपार्ट'मधनं कॉम्पॅक्ट करावी लागते.

उद्यमबागकर:
सापडली! बिलिंगच्या ॲपची एकच फाइल, १३९ जीबी. शेपूट उघडून बघितली तर ओळीखाली ओळ 'प्रिंटर सापडत नाही'. लाईट गेली की प्रिंटर झोपतो आणि हे बेणं न थांबता हाका मारत बसतं. ट्रंकेट केलं, पोस्टग्रेस उठलं, गाडी गेली.

टिळकवाडी_टर्मिनल:
झकास. आता पहिला पीजी-डंप (पोस्टग्रेसचा बॅकअप) काढून दुसऱ्या मशीनवर ठेवा. मग 'बिल्डर प्रून' बिनधास्त चालवा, कॅशच ती, पुढचं बिल्ड जरा हळू होईल एवढंच. 'डीमन डॉट जेसन'मध्ये (डॉकरच्या सेटिंगची फाइल) लॉगसाठी 'मॅक्स-साइझ' १० एमबी, 'मॅक्स-फाइल' ३ घाला आणि डॉकर रीस्टार्ट करा. पण ही मर्यादा नव्यानं बनवलेल्या कंटेनरलाच लागते, जुना नुसता रीस्टार्ट करून भागत नाही.

उद्यमबागकर:
म्हणजे कंटेनर परत बनवायचा. सुट्टीदिवशी बघतो, आज मालकासमोर परत काही बंद करायची छाती नाही. प्रिंटरच्या हाकांचं ॲपवाल्याला कळवलंय. टिळकवाडीत आलो की कुंदा माझ्याकडनं.

खानापूरचा_पाहुणा:
आणि खानापूरला काय नुसता नमस्कार?