आयरिश मूळ शोधायचंय: जनगणनेत नुसतं 'आयर्लंड' लिहिलंय, पुढे कसं जायचं?

अनघा_लेस्टर

नवऱ्याच्या घराण्याची वंशावळ लावतेय. गाडी 1861 च्या इंग्लंडच्या जनगणनेत अडकली आहे. लिव्हरपूल, कुटुंबप्रमुख जॉन मर्फी, वय 41, धंदा 'चेल्सी पेन्शनर', जन्मस्थळ 'आयर्लंड'. बस्स, एवढंच. बायको मेरी, तिच्यापुढेही 'आयर्लंड'. मुलगी एलन, वय 11, जन्म 'ईस्ट इंडीज'. धाकटा मुलगा एक वर्षाचा, जन्म लिव्हरपूल. घराणं कॅथलिक.

1922 मध्ये डब्लिनच्या सरकारी दप्तरखान्याला लागलेल्या आगीत आयर्लंडची सगळी कागदपत्रं जळाली असं सगळीकडे वाचते आहे. तरी डब्लिनला जाऊन काही हाती लागेल का? की ब्रिटनमध्येच शोधू? लंडनसाठी दोन दिवस काढू शकते: एक केवच्या नॅशनल आर्काइव्हजला, एक ब्रिटिश लायब्ररीला.

जुनं_दप्तर

डब्लिनची तिकिटं एवढ्यात काढू नका. आयर्लंडमधली नोंद गावावर लागलेली असते, माणसावर नाही. पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला गावांचा गट) माहीत नसताना तिथे जॉन मर्फी शोधणं म्हणजे 'पुणे जिल्ह्यातले कुणी एक पाटील' शोधणं. आणि ती पॅरिश बहुतेक वेळा ब्रिटनमधल्याच कागदात सापडते.

इंग्लंडच्या जनगणनेकडून जास्त अपेक्षा ठेवू नका. 1841 मध्ये तर आयर्लंडसाठी नुसतं 'आय' हे एक अक्षर होतं. 1851 पासून जन्मस्थळ विचारायला लागले, पण आयरिश माणसापुढे प्रगणक देशाचं नाव लिहून मोकळे होत. तरीही 1851 ते 1911 मधलं प्रत्येक दशक तपासा, एखादा प्रगणक काउंटी (म्हणजे जिल्हा) लिहून जातो.

तुमच्याकडची किल्ली 'चेल्सी पेन्शनर' ही आहे. याचा अर्थ तो चेल्सीच्या इस्पितळात (लंडनमधलं निवृत्त शिपायांचं घर) राहत होता असा नाही. घरी बसून पेन्शन घेणाऱ्यालाही तेच म्हणत. अशा शिपायाचा सेवामुक्तीचा कागद केवला डब्ल्यूओ (वॉर ऑफिस, म्हणजे युद्धखातं) 97 या मालिकेत असतो. पहिल्याच ओळीत साच्यातलं वाक्य असतं: अमुक पॅरिशमध्ये, अमुक शहराजवळ, अमुक काउंटीत जन्म. शिवाय भरतीच्या वेळचं वय, आधीचा धंदा, उंची, केसांचा रंग, किती वर्षं कुठे नोकरी, आणि पुढे कुठे राहणार तेही. एकाच नावाचे चार शिपाई निघाले तर हिंदुस्थानातली वर्षं आणि 'पुढचा मुक्काम लिव्हरपूल' यांवरून आपला माणूस वेगळा काढायचा.

लोक इथे कुठे फसतात? 1854 पर्यंतचे कागद केवच्या कॅटलॉगमध्ये नावाने सापडतात. तुमचा माणूस साधारण 1838 ला भरती झाला असणार. पायदळात पूर्ण पेन्शनसाठी 21 वर्षं लागत आणि 18 च्या आतली नोकरी धरत नसत, म्हणजे तो 1859 च्या आसपास सुटला. 1855 ते 1872 चे मूळ कागद पलटणवार लावलेले आहेत, त्यामुळे पलटण कळल्याशिवाय खोकं मागवता येत नाही. फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या व्यापारी साइटवर तेच कागद नावाने शोधता येतात, आणि केवच्या वाचनकक्षात ती साइट फुकट आहे.

दुसरी गोम: 1883 च्या आधी या मालिकेत फक्त पेन्शन मिळालेले शिपाई आहेत. नोकरीत मेलेला किंवा पळून गेलेला इथे मिळणार नाही. त्याच्यासाठी डब्ल्यूओ 12 मधल्या हजेरीवह्या. तिमाहीच्या शेवटी 'पटावरून कमी झालेले' अशी यादी असते, तिच्यात जन्मगाव आणि धंदा लिहिलेला असतो. डब्ल्यूओ 25 मधल्या मृत्यूच्या यादीत जवळच्या नातेवाइकाचं नावही मिळू शकतं. 1822 च्या आधी आयर्लंडमध्ये पेन्शन घेणारे किल्मेनमच्या इस्पितळाकडे असत, ते डब्ल्यूओ 118 आणि 119 मध्ये.

खडकी_स्टेशन

वरच्या प्रतिसादाला +1, पण एक सावधगिरी. 'चेल्सी' शब्दावर पूर्ण भिस्त ठेवू नका. ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वतःच्या गोऱ्या पलटणी होत्या आणि त्यांत आयरिश भरणा मोठा होता. प्रगणक कधीकधी त्यांच्या पेन्शनरांनाही सरसकट चेल्सी लिहीत. राणीची (म्हणजे ब्रिटिश सरकारची) पलटण असेल तर कागद केवला, कंपनीची असेल तर ब्रिटिश लायब्ररीत. चुकीच्या इमारतीत दिवस घालवण्याआधी एलनचा बाप्तिस्मा शोधा.

हिंदुस्थानातल्या बाप्तिस्मा-लग्न-दफन नोंदींच्या नकला लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये एन/1 बंगाल, एन/2 मद्रास, एन/3 मुंबई अशा लावल्या आहेत. 'ईस्ट इंडीज' म्हणजे तिन्हींपैकी काहीही, तेव्हा तिन्ही बघा. बापाचा हुद्दा आणि पलटण नोंदीतच असते. 'एच.एम.' (हर मॅजेस्टी) असेल तर राणीची. उदा. एच.एम. 86 वी, म्हणजे रॉयल काउंटी डाउन. ती 1842 ते 1859 मुंबई इलाख्यात होती आणि 1858 ला झाशीच्या तटावर चढली ती हीच. 'बॉम्बे युरोपियन' किंवा 'बॉम्बे फ्युझिलियर्स' असेल तर कंपनीची. मग शिपायांच्या याद्यांसाठी एल/मिल/12, आणि जहाजावर चढवलेल्या रंगरुटांसाठी एल/मिल/9.

1861 नंतर या पलटणी राणीकडे गेल्या आणि त्यांचे आकडे बदलले. पहिली बॉम्बे फ्युझिलियर्स 103 वी झाली आणि 1881 ला रॉयल डब्लिन फ्युझिलियर्सची दुसरी बटालियन. तिसरी बॉम्बे युरोपियन 109 वी झाली आणि पुढे लीन्स्टर रेजिमेंटमध्ये गेली. म्हणून एकाच माणसाचे कागद दोन इमारतींत विभागलेले दिसतात.

एन मालिकेत मूळ वह्या नाहीत, नकला आहेत. कारकुनाने एलनचं हेलन केलं, मर्फीचं मॉर्फी केलं असं सर्रास दिसतं. आडनाव सोडून मुलीचं नाव, बापाचं नाव आणि साल एवढ्यावरही शोधून बघा. कॅथलिक नोंदी यात आहेत, पण अपुऱ्या. नाही मिळाली तर जिथे छावणी होती तिथल्या चर्चच्या वह्या बघाव्या लागतात, पुण्यात म्हणजे सेंट पॅट्रिक्स.

ब्रिटिश लायब्ररीचा दिवस मी तरी आधी ठेवणार नाही. ऑक्टोबर 2023 च्या सायबर हल्ल्यात तिथली यंत्रणा कोलमडली होती. जाण्याआधी हवा तो खंड वाचायला मिळेल का हे विचारून घ्या. एन मालिकेच्या बऱ्याच नोंदींच्या प्रतिमा फाइंडमायपास्टवर आहेत, म्हणजे केवला बसूनच दोन्ही कामं होतील.

अनघा_लेस्टर

दोघांनाही मनापासून धन्यवाद! एलन 'हेलन' नावानेच सापडली. बाप प्रायव्हेट, एच.एम. 86 वी. त्यावरून सेवामुक्तीचा कागद मिळाला: पॅरिश 'किलमोर', काउंटी रॉसकॉमन, पुढचा मुक्काम लिव्हरपूल. आता मेरीचं माहेरचं आडनाव कसं काढू? मृत्यूच्या दाखल्यात असेल का?

ओलिम

इंग्लंडच्या मृत्यूच्या दाखल्यात विवाहित बाईच्या आईबापांची नावं नसतात, त्यावर पैसे घालवू नका. धाकट्याचा जन्म लिव्हरपूलचा आहे ना? इंग्लंडच्या जन्मनोंदणी कार्यालयाच्या स्वतःच्या ऑनलाइन सूचीत 1837 पासून आईचं माहेरचं आडनाव आहे, आणि सूची बघायला पैसे पडत नाहीत. दुसऱ्या व्यापारी साइटवर जी जुनी सूची दिसते तिच्यात 1911 पर्यंत ते आडनाव नाही, म्हणून लोकांना वाटतं की मिळतच नाही.

ते पक्कं करायला कॅथलिक बाप्तिस्मा. लिव्हरपूल रेकॉर्ड ऑफिस सेंट्रल लायब्ररीत आहे, आणि बऱ्याच वह्या अॅन्सेस्ट्री या वंशावळीच्या साइटवरही आहेत. नोंद लॅटिनमध्ये असते: जॉनचं 'जोआनेस', जेम्सचं 'जाकोबुस', विल्यमचं 'गुलिएल्मुस'. आईच्या नावापुढे 'ओलिम' आलं की पुढचा शब्द माहेरचं आडनाव. साक्षीदारांची नावं उतरवून घ्याच, ते बहुधा मामा-मावशी निघतात.

जॉन किंवा मेरीचं एखादं भावंड ग्लासगोला गेलं होतं का तेही बघा. स्कॉटलंडमध्ये 1855 पासून मृत्यूच्या दाखल्यात आईबाप दोघांची नावं असतात, आईच्या माहेरच्या आडनावासकट. ग्लासगोच्या मिचेल लायब्ररीत गरिबांच्या मदतीचे अर्ज आहेत, 1851 पासून. मदतीचा बोजा कुठल्या पॅरिशवर टाकायचा हे अर्जदाराच्या जन्मगावावर ठरत असे, त्यामुळे तिथले अधिकारी गाव आणि आईबाप खोदून खोदून विचारत. भावाचा अर्ज तुमच्या जॉनचं गाव सांगून जाईल.

जुनं_दप्तर

पॅरिश मिळाली, उत्तम. आता 'सगळं जळालं' याबद्दल. 1922 ला जळाले ते 1821 ते 1851 च्या जनगणनेचे बहुतेक कागद, मृत्युपत्रं आणि चर्च ऑफ आयर्लंडच्या (म्हणजे प्रोटेस्टंट चर्चच्या) निम्म्याहून अधिक वह्या. 1861 ते 1891 च्या जनगणना आगीत गेल्याच नाहीत, त्या सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या. कॅथलिक वह्या तिथे ठेवलेल्याच नव्हत्या. त्या आयर्लंडच्या नॅशनल लायब्ररीच्या साइटवर साधारण 1880 पर्यंत फुकट आहेत.

अडचण दुसरीच आहे. पश्चिमेकडच्या बऱ्याच पॅरिशच्या वह्या उशिरा सुरू होतात, 1820 च्या आसपासचा बाप्तिस्मा मिळेलच असं नाही. तेव्हा धाकटी भावंडं शोधा. आणि सेवामुक्तीच्या कागदावरची पॅरिश बहुधा मुलकी असते, कॅथलिक पॅरिशचं नाव आणि हद्द वेगळी. आधी दोन्हींचा मेळ घाला, मग वही उघडा. किलमोर नावाची ठिकाणं आयर्लंडभर विखुरलेली आहेत, काउंटी सोडून शोधाल तर भलतीकडे जाल.

पॅरिशच्या खाली टाउनलँड, म्हणजे आपल्या शिवारासारखं. देशभरात साठ हजारांवर आहेत. नावाच्या शेवटी 'बेग' आणि 'मोर' दिसेल, ते सरळ आपले खुर्द आणि बुद्रुक. दोन्हींची गल्लत करू नका. 1823 ते 1837 चे टाइद कराचे (चर्चसाठी शेतीवर घेतल्या जाणाऱ्या कराचे) खर्डे आणि 1847 ते 1864 चं ग्रिफिथचं मूल्यांकन (करासाठी केलेली जमिनी-घरांची नोंद) यांतून त्या पॅरिशमधली मर्फी घरं टाउनलँडवार काढा. दोन्ही ऑनलाइन फुकट आहेत.

दोन दिवसांतला एक आता मोकळाच राहिलाय, तर केवला टी 91 बघा: आयरिश रिप्रॉडक्टिव्ह लोन फंड. गरीब शेतकऱ्यांना दिलेल्या छोट्या कर्जांचे कागद, त्यांत रॉसकॉमन आहे. कर्जदार, जामीनदार आणि टाउनलँड एकत्र सापडतात. जाताना ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि शिसपेन्सिल न्या. पेन आत नेऊ देत नाहीत, मोबाइलने फोटो काढता येतात.