पॅक्ड सगळीकडे लावू नका

वर एकांनी लिहिलंय की सी भाषेतल्या स्ट्रक्टमधे (अनेक व्हेरिएबल्स एकत्र बांधलेला गठ्ठा) पॅडिंगमुळे, म्हणजे प्रत्येक मेंबर सोयीच्या पत्त्यावर यावा म्हणून कंपायलर मधे सोडतो त्या रिकाम्या बाइट्समुळे, जागा वाया जात असेल तर सरळ पॅक्ड (पॅडिंग टाकू नको असं कंपायलरला सांगणारी खूण) लावून मोकळं व्हायचं. हे मला अजिबात पटत नाही. आधी मेंबर्सचा क्रम तर बदलून बघा, कॅरेक्टर, मग ४ बाइटचा इंट, मग परत कॅरेक्टर असं लिहिलं की नेहमीच्या मशीनवर साइझ १२ बाइट येते, तोच इंट वर नेला की ८, आणि एक ओळसुद्धा जास्त लिहावी लागत नाही. पॅक्डने ६ होईल हे खरं, पण त्याची किंमत बघा ना.

मेंबर स्ट्रक्टमधूनच वाचला तर कंपायलरला माहीत असतं की पत्ता वाकडा (इंटसाठी ४ च्या पटीत नसलेला) असू शकतो, म्हणून गरज पडली तर तो एकेक बाइट उचलतो. पण त्याच इंटचा पॉइंटर काढून दुसऱ्या फंक्शनला दिलात की ती माहिती गेली, तिथे तो बिनधास्त पूर्ण वर्ड लोड करणार. लॅपटॉपच्या एक्स८६ प्रोसेसरवर हे बहुतेक वेळा चालून जातं आणि छोट्या बोर्डांवरच्या कॉर्टेक्स-एम० प्रोसेसरवर सरळ हार्डफॉल्ट, म्हणजे प्रोग्राम जागीच ठप्प! टेस्ट सगळ्या हिरव्या आणि बोर्ड मेलेला, मग शोधत बसा. असा पॉइंटर काढला की जीसीसी कंपायलरच्या ९ व्या आवृत्तीपासून वॉर्निंग येते, ती कृपा करून बंद करू नका.

नेटवर्कचं पॅकेट वाचायला तरी पॅक्ड हवंच असं वाटत असेल, तर त्याऐवजी मेमकॉपीने (बाइट्स कॉपी करणारं सीचं फंक्शन) लोकल व्हेरिएबलमधे घ्या, ऑप्टिमायझर चालू असेल तर फंक्शन कॉलसुद्धा बहुतेक उरत नाही.