लघवीचा पीएच आणि रक्ताचा पीएच

सकाळच्या लघवीत बुडवलेली पट्टी 5.5 पीएच (आम्लता मोजण्याचे माप; 7 पेक्षा कमी म्हणजे आम्लधर्मी, जास्त म्हणजे अल्कधर्मी) दाखवत असेल तर शरीर ‘आम्लधर्मी’ झाले असे समजावे आणि लिंबू घेऊन ते अल्कधर्मी करावे, असा एक दावा केला जातो. त्यात थोडी भर घालतो. निरोगी माणसाच्या लघवीचा पीएच साधारण 4.5 ते 8 इतका खालीवर होत असतो, आणि तो तसा होतो म्हणूनच रक्ताचा पीएच 7.35 ते 7.45 या अरुंद मर्यादेत टिकतो. प्रथिनांच्या चयापचयातून उरलेले आम्ल मूत्रपिंडे लघवीवाटे टाकतात आणि कार्बन डायऑक्साइड फुप्फुसांवाटे जातो. (केर उंबऱ्याबाहेर दिसला म्हणून घर घाण आहे असे कोणी म्हणत नाही.)

लिंबाने शरीर अल्कधर्मी होते हे विधान अर्धे खरे आहे. त्यातील सायट्रेटचे शरीरात बायकार्बोनेट होते आणि लघवी अल्कधर्मी होऊ शकते. युरिक आम्लाच्या मूतखड्यांवर डॉक्टर पोटॅशियम सायट्रेट देतात ते यामुळेच. रक्ताचा पीएच मात्र त्याने हलत नाही. लाळेची पट्टी तर नुकत्याच खाल्लेल्या घासानेही बदलते.

शरीर अल्कधर्मी राखतो असे सांगितल्या जाणाऱ्या ‘अल्कधर्मी आहारा’चे अमेरिकेतील मोठे प्रचारक रॉबर्ट यंग यांना 2016 साली विनापरवाना वैद्यकी केल्याबद्दल न्यायालयात दोषी ठरवले गेले, हेही येथे नोंदवावेसे वाटते. मधुमेहात रक्त खरोखर आम्लधर्मी होण्याची अवस्था येते, तेव्हा रुग्णाला उलट्या होतात, धाप लागते. तिचे निदान रक्ततपासणीने होते आणि उपचार रुग्णालयात इन्सुलिन व सलाईनने करावे लागतात.